चालतेय ना, मग चालू द्या

ग्वाल्हेरच्या दौलतगंजात प्रतिबंधक उपायांची वाण नाही. लोणच्यावर तेल दोन बोटं वर आहे की नाही, हे बरणी उघडून पाहिलं जातं. कार्तिकात रजया गच्चीवर ऊन खातात. मे महिन्यात लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून बँकेत जाणारी माणसं अजून आहेत, आणि बाळाला दृष्ट लागायच्या आत त्याच्या गालावर काजळाचा ठिपका लागलेला असतो. पुढचं संकट ओळखून आधीच बंदोबस्त करायचा, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. फक्त हे सगळं शहाणपण दारातल्या गाडीपाशी येऊन थांबतं. गाडीचं बॉनेट उघडायचं ते आतून धूर आल्यावर, तोपर्यंत आत डोकावणं म्हणजे गाडीवर अविश्वास दाखवणं.

यात आमच्या एकट्यांचा दोष नाही. लष्कर भागातल्या कुठल्याही मिस्त्रीकडे जा आणि म्हणा, 'गाडी जुनी झाली आहे, जरा सगळं पाहून घ्या.' तो हात पुसत बाहेर येतो, गाडीकडे बघतो, मग तुमच्याकडे बघतो आणि विचारतो, 'बाबूजी, चल रही है ना?' हो म्हटलं की निकाल लागला. 'तो छेड़ो मत.' याला आळस म्हणू नये, यामागे अनुभव आहे. वीस वर्षांच्या होजपाइपला हात लावला की तो नेमका तेव्हाच चिरतो, आणि वीस वर्षांचं पाप हात लावणाऱ्याच्या माथी येतं. तेव्हा गाडी बंद पडूनच आपल्याकडे यावी, म्हणजे उपकार आपले आणि दोष नशिबाचा, हा हिशेब त्याच्या दृष्टीने अगदी चोख आहे.

आणि हे कुठे, तर ग्वाल्हेरात! जयविलास महालाच्या दरबार हॉलात दोन झुंबरं आहेत, एकेकाचं वजन साडेतीन टनांच्या आसपास. १८७४ मध्ये जयाजीराव शिंद्यांनी महाल बांधून घेतला. वास्तुकार मायकेल फिलोज. झुंबरं टांगायच्या आधी छत भार पेलेल की नाही, हे बघण्यासाठी म्हणे छतावर हत्ती चढवले. कुणी आठ हत्ती सांगतं, कुणी दहा. त्यांना वर नेण्यासाठी मातीचा लांबलचक उतार बांधला होता, असंही गाईड लोक हात लांब करून दाखवतात. हत्तींची संख्या सांगणाऱ्याच्या उत्साहाप्रमाणे बदलते, पण मुद्दा पक्का आहे: झुंबर पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधी तपासून घ्यावं. मला मात्र त्यातून दुसरीच गोष्ट दिसते. तपासणी करून काहीही झालं नाही आणि तरीही दीडशे वर्षं लोक ती गोष्ट सांगतात, याचं कारण एकच, तिच्यात हत्ती होते. एखाद्या ओव्हरसियरने शिडीवर चढून तुळया ठोकून पाहिल्या असत्या आणि 'ठीक आहे' असं लिहून दिलं असतं, तर आज त्याचं नाव कुणाला आठवलं असतं?

आमच्या वाड्यातले काका हे असे हत्तीवाचूनचे ओव्हरसियर. ते एजी ऑफिसातून निवृत्त झाले. मध्य प्रदेशाचं महालेखाकार कार्यालय ग्वाल्हेरला आहे, त्यामुळे इथल्या मराठी घरांत ऑडिट हा केवळ नोकरीचा प्रकार नाही, स्वभावाचाही आहे. काकांकडे २००५ ची मारुती ८०० आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी पहिल्यांदा लोकांच्या हाती आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. काकांच्या हिशेबी ती बातमी अफवा असावी, कारण त्यांची गाडी अजून कारखान्यातून निघाल्यासारखी आहे. वाड्याचा दरवाजा घोडागाडीच्या मापाचा, त्यातून ते आरसे मिटून गाडी आत घेतात आणि चौकात एका ठरावीक फरशीवर उभी करतात. तीच फरशी का? कारण चौकातली तेवढी एकच जागा सपाट आहे, आणि ऑइल मोजायचं तर गाडी सपाट जागी हवी.

ऑइल मोजताना काका बघावेत. सकाळी, इंजिन गार असताना, सुरू करायच्या आधी. जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा हातात. डिपस्टिक ओढायची, पुसायची, परत पूर्ण आत घालायची, पुन्हा ओढायची. मग ती आडवी धरून, चष्मा कपाळावर सरकवून, दोन खुणांच्या मधे तेलाची रेघ कुठे आली ते पाहायचं. त्यावर समाधान नाही. एक थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळायचा, कचकच लागते का पाहायची, आणि शेवटी वास घ्यायचा. पेट्रोलचा वास आला तर एक अर्थ, जळकट आला तर दुसरा. हे सगळं झाल्यावर रजिस्टरात नोंद: तारीख, किलोमीटर, पातळी, शेरा. रजिस्टराला चार रकाने आहेत. ठरलेल्या तारखेला एअर फिल्टर झटकला नाही तर काका स्वतःविरुद्ध आक्षेप नोंदवतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच त्याचं उत्तर देतात. उत्तर समाधानकारक नसेल तर आक्षेपाचा पॅरा कायम राहतो.

लग्नसमारंभात लोक हॉलमध्ये मुलामुलींच्या पत्रिका जुळवत असतात, तेव्हा काका बाहेर पार्किंगमध्ये टायरांच्या पत्रिका वाचत असतात. टायरच्या कडेवर डीओटी अशी अक्षरं असतात आणि शेवटी चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्याचा जन्म. नक्षी शाबूत दिसते म्हणून लोक टायर बदलत नाहीत, पण रबर वयानेही कडक होतं, त्यात ग्वाल्हेरचा मे महिना म्हणजे पारा पंचेचाळिसाच्या घरात. काका वाकून आकडे वाचतात आणि यजमानांना जेवणाच्या पंगतीत सांगतात की तुमच्या व्याह्यांचे मागचे दोन्ही टायर वारले आहेत, फक्त कळवायचं राहिलंय. त्यांना आमंत्रणं कमी येऊ लागली आहेत असं काकू म्हणतात, त्यात तथ्य असावं.

याच्या नेमकी उलट बाजू म्हणजे माझे मामा. राहतात दोन गल्ल्या सोडून. दिल्लीत डिझेलच्या गाडीला १० वर्षं आणि पेट्रोलच्या गाडीला १५ वर्षं झाली की तिला रस्त्यावर थारा नाही, असा दंडक लागला. तेव्हापासून राजधानीने टाकलेल्या गाड्या एनओसी घेऊन आसपासच्या राज्यांत सासरी येऊ लागल्या. मामांनी अशीच एक मोठी डिझेल सेडान स्वस्तात घेतली. 'दिल्लीवाल्यांना कदर नाही,' असं म्हणून त्यांनी तिला घरी आणलं, आणि कदर म्हणून दर रविवारी धुतली. बाहेरून. आत काय आहे याची चौकशी करणं त्यांना बरं वाटलं नाही.

दोन-तीन महिन्यांनी गाडीखाली रोज सकाळी ओला डाग दिसू लागला. मामा म्हणाले, एसीचं पाणी. एसीचं पाणी गळतंच, त्यात काळजीचं काही नाही, हे खरंही आहे. काकांनी वाकून डागाला बोट लावलं, पाहिलं आणि म्हणाले, 'एसीचं पाणी हिरवं नसतं. चिकटही नसतं.' मामा म्हणाले, 'मॉडर्न एसी आहे.' काका म्हणाले, 'जानेवारी आहे.' त्या वेळी धुकं असं होतं की समोरचा खांब दिसत नव्हता, आणि मामांनी दिवाळीपासून एसीला हात लावला नव्हता. पण मामांच्या घरात वाद तारखेवर मिटत नाहीत. रेडिएटरमध्ये त्यांनी नळाचं पाणी भरलं. तिघरा धरणाचं पाणी आहे, सगळं शहर पितं, गाडीला काय होतंय?

गाडीला जे व्हायचं ते मे महिन्यात झालं. मंडळी पीतांबरा पीठाच्या दर्शनाला दतियाला निघाली होती. डबऱ्याच्या अलीकडे काटा लाल रेघेकडे गेला. मामांच्या मते काटा खराब होता. थोड्या वेळाने बॉनेटमधून वाफ आली, तेव्हा काटा बरोबर असल्याचं सिद्ध झालं. मामा उतरून रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले, तर ढाब्यावरच्या पोऱ्याने धावत येऊन त्यांचा हात धरला. त्याचे उपकार मानले पाहिजेत. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभर अंशांच्या वर तापूनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब सुटतो आणि सगळं उकळतं पाणी अंगावर येतं. तो हात वाचला, पण मामांनी मग थंड पाण्याची बादली सरळ इंजिनावर ओतली. तापलेल्या धातूवर गार पाणी! हेड वाकलं, गॅस्केट गेलं, ऑइलमध्ये पाणी शिरलं. डिपस्टिक ओढली तेव्हा टोकाला दुधाळ चहा लागला होता. चार-पाचशेच्या कूलंटचा आणि एका होजपाइपचा प्रश्न होता, तो पुढे हजारांच्या भाषेत बोलू लागला.

आता खरी गोष्ट पुढे आहे. मामा क्रेनवर गाडी चढवून परत आले, ते विजयी वीरासारखे. गल्लीत खुर्च्या बाहेर आल्या. ढाबा, वाफ, पोऱ्या, क्रेनवाल्याशी घातलेली हुज्जत, टेकडीवरून दिसलेला सूर्यास्त (त्या रस्त्यावर टेकडी नेमकी कुठे, हे कुणी विचारलं नाही), सगळं रंगून निघालं. पहिल्या दिवशी वाफ माणसाच्या उंचीएवढी होती. गणपतीपर्यंत ती दुमजली झाली होती. लोक येत, चहा पीत, आपापल्या गाड्यांच्या बंद पडण्याच्या कथा सांगत. कुणाची चंबळच्या पुलावर, कुणाची शिवपुरीच्या जंगलात. त्या बैठकीत काकाही बसले होते. कुणीतरी सौजन्याने विचारलं, 'काका, तुमची कधी बंद पडली होती?' काका म्हणाले, 'नाही.' संपलं. पुढे काय विचारणार? माणसं काही क्षण गप्प राहिली आणि मग चंबळच्या पुलाकडे परत गेली.

वेळेवर केलेल्या देखभालीचं दुखणं हेच आहे. यशस्वी झाली की काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीला श्रोते मिळत नाहीत.

याचा कळस टायमिंग बेल्टच्या वेळी झाला. रबराचा दातेरी पट्टा, झाकणाआड बसलेला. खालचा क्रँक आणि वरचा कॅम यांची फिरकी जुळवून ठेवणं एवढंच त्याचं काम. तो करकरत नाही, गळत नाही, वास सोडत नाही. एक दिवस तुटतो, आणि बऱ्याच इंजिनांत त्याच क्षणी पिस्टन वर येऊन उघड्या वॉल्व्हवर आपटतो. म्हणून कंपनीच्या पुस्तकात त्याला किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी भरेल ते. काकांची गाडी वर्षांत भरली. काका मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने विचारायचं ते विचारलं, 'चल रही है ना?' काकांनी रजिस्टर उघडून दाखवलं. बेल्ट बदलला. जुना बेल्ट काकांच्या हातात देत मिस्त्री हळहळला, 'देखिए बाबूजी, अभी तो बिल्कुल ठीक थी.'

आणि ती खरंच ठीक दिसत होती. काकांनी तो पट्टा आणून चौकातल्या खुंटीला अडकवला. येणारा-जाणारा त्याला हात लावून, ताणून, वाकवून बघतो आणि म्हणतो, अजून दोन वर्षं सहज गेली असती. काकांकडे पैसे वाचवल्याचा एकमेव पुरावा तो आहे, आणि तो पैसे वाया घालवल्याच्या पुराव्यासारखा दिसतो. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलींवर 'निष्फळ खर्च' असा शेरा मारला, त्याच्यावर हा प्रसंग! मामांनी तर तो पट्टा पाहून विचारलं, 'हा मला देता का? कामाला येईल.' काकांनी कधी नव्हे ते अपशब्द वापरले, तेही ऑडिटच्या भाषेत असल्यामुळे मामांना कळले नाहीत.

दरम्यान मामांच्या गाडीची दुरुस्ती झाली होती. गाडी पुन्हा तापू नये म्हणून त्या मिस्त्रीने दोन जुगाड केले. थर्मोस्टॅट काढून टाकला आणि रेडिएटरचा पंखा 'डायरेक्ट' केला, म्हणजे चावी फिरवली की फिरायला लागला, इंजिन गार असो की गरम. ही शस्त्रक्रिया आपल्याकडे इतकी रूढ आहे की थर्मोस्टॅट हा शरीरातल्या अपेंडिक्ससारखा बिनकामाचा अवयव आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. त्याचं काम असं की इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, नीट तापलं की वाट उघडायची. तो काढला की गाडी उन्हाळ्यात बरी चालते आणि हिवाळ्यात तापतच नाही. डिझेल जास्त पिते, हीटर गार हवा फेकतो. ग्वाल्हेरच्या थंडीत, जिथे पारा तीन-चारावर येतो, मामा कानटोपी, मफलर आणि हातमोजे घालून गाडी चालवतात आणि काच आतून रुमालाने पुसतात. शेजारी मामी शेगडी घेऊन बसत नाहीत, एवढंच.

कानाचा विषय वेगळा. ख्यालाचं घराणं ज्या गावाचं, तिथे शेजारच्या घरातल्या मुलीचा कोमल निषाद चढला की आजी स्वयंपाकघरातून 'उतर' म्हणते. अशा गावात गाडीचं गाणं कुणी ऐकू नये? गाडी आधी सांगते. सकाळी सुरू करताना 'चीं' झालं तर फॅन बेल्ट. पूर्ण वळण घेताना टकटक झाली तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा. ब्रेक दाबला की बारीक किंचाळी, तर पॅड संपत आले. अनेक पॅडना पत्र्याची छोटी जीभ लावलेली असते, ती डिस्कला घासून ओरडावी म्हणूनच. काका गाडी चालवताना रेडिओ लावत नाहीत. मामांच्या गाडीतून किंचाळी यायला लागली तेव्हा मामांनी आवाज वाढवला. रेडिओचा.

जुन्या यंत्राची ऐकून राखण करायची, हे याच गावाने शंभराहून जास्त वर्षं केलं आहे. महाराज माधवराव शिंद्यांना रेल्वेचं वेड. जेवणाच्या टेबलावर चांदीची गाडी पाहुण्यांना मद्य नि सिगार वाटत फिरायची, ती अजून महालात आहे. पण त्यांची खरी दोन फुटी छोटी लाइन श्योपूरपर्यंत, सुमारे २०० किलोमीटर, २०२० पर्यंत चालली. माणसं टपावर बसायची, गाडी सायकलला हरवेल की नाही अशी शंका यायची, पण पोहोचायची. रेल्वेत चाकांवर हातोडी मारत जाणारा एक माणूस असायचा. चाक खणखणलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा. तोही त्या घराण्याचाच गायक, त्याला श्रोते नव्हते इतकंच. आणि ती लाइन थांबली ती मोडून पडल्यामुळे नाही. ब्रॉडगेज करायचं ठरलं म्हणून.

दसऱ्याला मात्र काका आणि मामा एका पातळीवर येतात. दोन्ही गाड्यांना झेंडूच्या माळा, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. फरक इतकाच की काका त्याच दिवशी बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतात आणि उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून कोपऱ्यात तंबाखूची पानं ठेवतात. मामा म्हणतात, लिंबात सगळं येतं.

मध्यंतरी सरकारही या भांडणात उतरलं. पंधरा वर्षांवरच्या खाजगी मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० लागू झाले. आरटीओत फिटनेससाठी काका रजिस्टर घेऊन गेले. तपासणाऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारली, हॉर्न वाजवून पाहिला आणि सही केली. रजिस्टर त्याने उघडलंसुद्धा नाही. काका दोन दिवस जेवले नाहीत नीट.

गल्लीचं मत पडलं की आता काकांनी नवी गाडी घ्यावी. हिवाळ्यात व्यापार मेळा लागतो. १९०५ पासूनची परंपरा, सुरुवात माधवरावांची, आणि हल्ली मेळ्यात गाडी घेतली की रोड टॅक्स निम्मा. जिल्ह्याजिल्ह्यातून माणसं त्यासाठी येतात. काका मेळ्यात गेले, सगळे स्टॉल फिरले, प्रत्येक गाडीखाली वाकून बघितलं आणि वायपरचे दोन रबर घेऊन परत आले. नवी गाडी घेतली मामांनी. चकचकीत, सीटांवर प्लास्टिक तसंच. गल्लीभर पेढे वाटले. काकांनी पेढा खाल्ला, गाडीला एक चक्कर मारली आणि ग्लव्ह बॉक्समधलं देखभालीचं पुस्तक वाचायला मागितलं. मामा म्हणाले, 'न्या की, मला काय करायचंय त्याचं?' काकांनी त्यावर खाकी कव्हर घातलंय, मामांच्या नावाने पहिला आक्षेपही नोंदवलाय. पुस्तक अजून त्यांच्याकडेच आहे. मामांनी मागितलेलं नाही.